दिव्यांग मुलाच्या शिक्षणासाठी सरकारी मदत: आधी कुठला कागद काढायचा?

कळव्यापासून वाशीपर्यंतचे पालक मला शिष्यवृत्तीचं विचारतात आणि मी विचारते, यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलंत का? तिथून सुरुवात करा.

त्यासाठी सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा. मुलाचं आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा आणि जुने वैद्यकीय रिपोर्ट लागतात. रुग्णालय अर्जातच निवडायचं; तपासणीला मूल न्यावंच लागतं. आमचा नंबर दुपारी दीडला लागला, तोवर लेक फरशीवर लोळत होता. डबा आणि आवडतं खेळणं सोबत ठेवा. घरून निघण्याआधी आधार आणि जन्मदाखला शेजारी ठेवून नावाचं स्पेलिंग अक्षर न् अक्षर ताडून बघा. एका जादा ‘ए’पायी आमचे दोन महिने गेले.

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र हातात आलं की दोन गोष्टी बघा: टक्केवारी 40 किंवा जास्त आहे का, आणि मुदत किती. लहान मुलांना बरेचदा तात्पुरतं देतात. तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत राखलेल्या, 25 टक्के जागांत दिव्यांग मूल वंचित गटात येतं, म्हणून उत्पन्नाचा दाखला लागत नाही. सायबर कॅफेवाला मागेल, तरी नाही. रहिवासाचा पुरावा, जन्मदाखला आणि 40 टक्क्यांचं प्रमाणपत्र पुरे. ‘स्पेशल शाळेत घाला’ असं कुणी सुनावलं तर 2016चा दिव्यांग हक्क कायदा दाखवा. 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वयात जवळच्या किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षण आहे, निवड आपली.

मूल शाळेत असेल तर समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून प्रवास आणि मदतनीस भत्ता, मुलींना महिना 200 रुपये (दहा महिने) अशी तरतूद आहे. ही नावं शाळेकडूनच जातात, म्हणून मुख्याध्यापकांना थेट विचारा, ‘यूडायसला (शाळांच्या सरकारी माहिती नोंदणीत) दिव्यांग नोंद केलीत ना?’ नोंद नसेल तर पैसे येत नाहीत.

नववी-दहावीला केंद्राची प्री-मॅट्रिक शिष्यवृत्ती आहे. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर. इथे मात्र तहसीलदारांचा उत्पन्न दाखला हवाच. मर्यादा वर्षाला अडीच लाख, एका घरातली दोनच मुलं. बँक खातं आधारशी जोडलेलं ठेवा.

नवी मुंबईकरांनी महापालिकेच्या वाशीतल्या ईटीसी केंद्रात (दिव्यांगांसाठीचं शिक्षण-प्रशिक्षण केंद्र) एकदा जाऊन यावं; पालिकेच्या योजनांची चौकशी तिथेच करता येते.

दहावीच्या परीक्षेला जादा वेळ आणि लेखनिक हवा असेल तर प्रस्ताव शाळेमार्फत बोर्डाकडे जातो. जूनमध्येच वर्गशिक्षकांच्या कानावर घाला आणि प्रमाणपत्राची झेरॉक्स त्यांच्या हातात द्या.