ऑनलाइन एडिटरमधील शुद्धलेखन तपासणी आणि मराठी : एक पार्श्वभूमी

ब्राउझरमध्ये उघडलेल्या एडिटरात मराठी मजकूर टाइप करताना निर्दोष शब्दांखालीही लाल नागमोडी रेघ उमटते, हा नागपुरातील वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांपासून महाविद्यालयांच्या कार्यालयांपर्यंत सर्वांच्या परिचयाचा अनुभव आहे. रेघ दिसली म्हणून बरोबर लिहिलेला शब्द बदलून चुकीचा करणारेही पुष्कळ आहेत, आणि माझ्या मते खरे नुकसान तेथे होते. ही रेघ कशाच्या आधारावर उमटते हे समजून घ्यायचे, तर तपासणीच्या तंत्राचा इतिहास आणि आपल्या लेखननियमांचा इतिहास असे दोन्ही पाहावे लागतात. कारण फार काळ या दोहोंची गाठच पडली नव्हती.

तंत्राचा आरंभ इंग्रजीत झाला. अमेरिकेत लेस अर्नेस्ट यांनी १९६१ च्या सुमारास हस्ताक्षर ओळखणाऱ्या प्रणालीसाठी १०,००० इंग्रजी शब्दांची यादी वापरली. त्यांचेच विद्यार्थी राल्फ गोरिन यांनी १९७१ मध्ये स्टॅनफर्ड येथे ‘स्पेल’ हा प्रोग्राम लिहिला. यादीत नसलेला शब्द शोधायचा आणि एखादे अक्षर बदलून, गाळून, वाढवून किंवा शेजारच्या दोन अक्षरांची अदलाबदल करून जवळचा शब्द सुचवायचा, ही त्याची रीत होती. तिला आधारही होता : सुमारे ८० टक्के चुका अशा एकाच बदलाच्या असतात, असे फ्रेडरिक डॅमेरो यांनी १९६४ मध्येच दाखवले होते. इंग्रजीत एका शब्दाची रूपे मोजकी असल्यामुळे यादी आणि थोडे प्रत्यय एवढ्या भांडवलावर काम निभावले.

आपल्याकडे त्याच काळात वेगळेच काम चालू होते. १९६१ मध्ये मराठी साहित्य महामंडळ स्थापन झाले, त्याच्या घटक संस्थांमध्ये नागपूरचा विदर्भ साहित्य संघ होता. महामंडळाने तयार केलेले १४ लेखननियम राज्य शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले आणि १९७२ मध्ये त्यांत आणखी ४ नियमांची भर पडली. उच्चारात नसलेले अनुस्वार गेले, अन्त्य इकार-उकार दीर्घ झाले. ग्रामनामातील ‘पूर’ दीर्घ लिहावा असे सांगणाऱ्या नियमाच्या उदाहरणांत तर ‘नागपूर’ हेच नाव आहे. हे नियम लेखक, शिक्षक आणि मुद्रितशोधक यांच्यासाठी लिहिलेले होते. ते पुढे यंत्राला शिकवावे लागतील, हा विचार त्या काळी कोणाच्या मनात येण्याचे कारणच नव्हते.

अडचण नेमकी कोठे येते, हे याच नावावरून पाहता येते. ‘नागपूर’ आणि ‘नागपूरचा’ यांत पू दीर्घ राहतो, ‘नागपुरात’ आणि ‘नागपुराहून’ यांत तो ऱ्हस्व होतो. ‘वकील’ लिहायचे, पण ‘वकिलांना’. ‘फूल’, पण ‘फुलाला’. उलट ‘परीक्षा’ हा तत्सम शब्द ‘परीक्षेला’ या रूपातही दीर्घच राहतो. म्हणजे शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आला आहे की मराठी वळणाचा आहे, हेही यादीत प्रत्येक शब्दापुढे नोंदवावे लागते. त्यापुढे प्रत्ययांची साखळी येते : ‘वकिलांच्याबरोबरचेसुद्धा’ या एका शब्दात सामान्यरूप, विभक्ती, शब्दयोगी अव्यय, पुन्हा विभक्ती आणि शेवटी आणखी एक अव्यय आहे. अशी सारी रूपे यादीत भरणे शक्य नाही, ती नियमांनी घडवावी लागतात.

याच गरजेतून हंगेरियन भाषेसाठी लास्लो नेमेथ यांनी ‘हनस्पेल’ हे शुद्धलेखन तपासणारे इंजिन, म्हणजे तपासणीचा मूळ प्रोग्राम, विकसित केले. हंगेरियनमध्येही शब्दाला प्रत्ययांच्या माळा लागतात. हनस्पेलमध्ये शब्दांची एक फाइल आणि प्रत्ययांच्या नियमांची दुसरी फाइल असते. शब्दाच्या शेवटचे ‘ूर’ काढून ‘ुरात’ जोडावे, असा नियम दुसऱ्या फाइलीत एका ओळीत लिहिता येतो. पुढे ओपनऑफिस, फायरफॉक्स आणि क्रोम यांनी हेच इंजिन स्वीकारले. इंजिन सर्वांना एकच मिळाले, तरी त्या दोन फाइली प्रत्येक भाषेच्या माणसांनी स्वतः भरायच्या असतात, आणि मराठीची तपासणी आजही मुख्यतः येथेच अडते.

त्याआधीची अनेक वर्षे तर फाइली भरण्याचाही प्रश्न नव्हता. डीटीपी केंद्रांत मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या फॉन्टांत टाइप होई. पडद्यावर देवनागरी दिसे, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरे आणि चिन्हे असत. तेथे मराठी शब्द तपासणार कसा? युनिकोडमध्ये, म्हणजे जगातील लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, देवनागरी १९९१ पासून आहे, परंतु छपाईच्या कामात जुने फॉन्ट पुष्कळ काळ टिकले. युनिकोड रुळल्यावरही दिसायला एकच असलेले शब्द आत वेगळे निघू लागले. ‘दुसऱ्या’ मधला अर्धा र हा नुक्त्याच्या, म्हणजे खाली टिंब असलेल्या, ‘ऱ’ पासून घडवता येतो, तसाच साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह यांपासूनही; यादीत पहिले रूप असेल तर दुसरे चूक ठरते. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आले, त्यापूर्वी ते अ आणि चंद्र जोडून लिहिले जाई. लेखकाने काहीही चुकवलेले नसताना लाल रेघ उमटण्याचे हे एक मोठे कारण आहे.

ऑनलाइन एडिटरांनी यात आणखी एक थर घातला. फायरफॉक्सच्या २००६ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून वेबपानावरील चौकटीत टाइप करतानाच तपासणी होऊ लागली. त्याआधी आणि नंतरही अनेक एडिटर मजकूर सर्व्हरकडे पाठवून तपासून घेत. मजकुराचे शब्द पाडण्याचे काम जावास्क्रिप्ट या वेबपानांच्या प्रोग्रामिंग भाषेकडे असे आणि शब्दातील अक्षर ओळखण्याची तिची खूण फक्त रोमन अक्षरे, अंक आणि अधोरेषा ओळखत असे. केवळ अक्षरे मोजून मात्रा आणि हलन्त सोडून देणाऱ्या प्रोग्रामकडून ‘विदर्भ’ चे ‘व’, ‘दर’ आणि ‘भ’ असे तीन तुकडे होतात. मग कितीही चांगला कोश जोडला तरी उपयोग नाही. युनिकोडची वर्गवारी वापरून शब्द पाडण्याची सोय जावास्क्रिप्टच्या अधिकृत मानकात २०१८ मध्ये आली. गुगल डॉक्सने २०१० मध्येच कर्सर आणि मांडणी स्वतः हाताळायला सुरुवात केली, त्यामुळे तेथे ब्राउझरची तपासणी लागू न होता त्यांचीच स्वतंत्र तपासणी चालते. एकच परिच्छेद दोन ठिकाणी चिकटवल्यास वेगवेगळ्या शब्दांखाली रेघा दिसतात, त्यामागे असे वेगळे कोश आणि वेगळी इंजिने असतात.

यादीवर आधारलेल्या कोणत्याही तपासणीला न दिसणारी चूक मात्र अगदी निराळी आहे. ‘महाराष्ट्र दिन’ ऐवजी ‘महाराष्ट्र दीन’ असे लिहिले तर एकही रेघ उमटणार नाही, कारण दीन म्हणजे गरीब हाही शब्द यादीत असणारच. ‘आचार्यांना मानधन दिले’ आणि ‘आचाऱ्यांना मानधन दिले’ या दोन्ही वाक्यांत शब्द शुद्ध आहेत. पैसे गुरूला मिळाले की स्वयंपाक्याला, हे वाक्याच्या संदर्भावरूनच ठरते. संदर्भ पाहणारी भाषा-मॉडेले आता एडिटरांत येत आहेत, पण त्यांतील बहुतेक मॉडेले मजकूर बाहेरच्या सर्व्हरवर पाठवतात. न्यायालयीन किंवा कार्यालयीन गोपनीय कागद तयार करताना ती बंद ठेवावी लागतात, आणि तेथे मुद्रितशोधकाची नजर हाच उपाय राहतो.