सावली लवकर पडू लागली आहे

अमेरिकेत बॉस्टनजवळ कॉनकॉर्ड नावाचं गाव आहे. कोणतं फूल कधी उमललं, कोणत्या झाडाला पालवी कधी फुटली, याच्या तारखा हेन्री डेव्हिड थोरोने १८५०च्या दशकात तिथल्या रानात हिंडून टिपल्या. थोरो जगाला ठाऊक आहे तो लेखक म्हणून; पण न लागणाऱ्या अक्षरातले हे तक्ते हीच त्याची सर्वांत टिकाऊ कमाई, असं माझं मत आहे. बॉस्टन विद्यापीठाचे रिचर्ड प्रिमॅक आणि त्यांचे सहकारी त्या तारखा घेऊन पुन्हा त्याच रानात फिरले. मधल्या दीडशे वर्षांत गावाचं तापमान सुमारे २.४ अंश सेल्सिअसने चढलं होतं (त्यात वाढत्या बॉस्टन शहराचाही वाटा आहे). नेहमीच्या ४३ वनस्पतींचा बहर सरासरी ७ दिवस अलीकडे आला होता.

सगळंच लवकर होत असेल तर बिघडलं कुठे? घाई सगळ्यांची सारखी नाही, तिथे.

तिथल्या मेपल, ओकची पानं हिवाळ्याआधी गळतात. बर्फ वितळल्यापासून नवी पालवी दाटेपर्यंत मोजकेच आठवडे ऊन थेट जमिनीवर पोचतं, आणि बुटक्या रानफुलांना वर्षाची बेगमी तेवढ्यातच करावी लागते. ब्लडरूट (म्हणजे 'रक्तमूळ') या रानफुलाचं पान मातीतून वर येतं तेच कळीच्या देठाभोवती शालीसारखं लपेटलेलं. फूल उमललं की पान हळूहळू पसरतं आणि उन्हावर साखर बनवायला लागतं. ती साठते जमिनीखालच्या जाड खोडात. ते खोड तोडलं तर नारिंगी-लाल चीक येतो, म्हणून हे नाव.

वनस्पतिशास्त्रज्ञ मेसन हेबरलिंग आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये थोरोच्या नोंदी वापरून दाखवलं, की वसंत उबदार असला की झाडं रानफुलांपेक्षा जास्त लवकर पालवतात. झाडांच्या कळ्या हवेत, फुलांचे कोंब पालापाचोळ्याखाली. माती हवेपेक्षा सावकाश तापते, हे त्यामागचं एक कारण असू शकेल. कारण काहीही असो, वर छत आधी धरलं जातं आणि खालचं ऊन तुटतं. या रानफुलांची वसंतातली कमाई थोरोच्या काळात आजच्यापेक्षा १२ ते २६ टक्के जास्त होती, असा त्यांचा अंदाज आहे.

कॉनकॉर्डमध्ये थोरोने पाहिलेल्या वनस्पतींपैकी २७ टक्के आता सापडत नाहीत. रस्ते, घरं, हरणं यांनीही हात धुऊन घेतलेत. पण ज्यांचा बहर तापमानाबरोबर पुढेमागे सरकत नाही, त्यांची घट जास्त झाली. लिली आणि ऑर्किडच्या कुळांना तर चांगलाच फटका बसला आहे.