पूर्व जर्मनीतल्या १९४६ च्या प्रांतिक निवडणुका: पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीचे आणि बर्लिनचेही चार भाग झाले, अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि सोव्हिएत संघ यांच्या ताब्यातले. सोव्हिएत ताब्यातल्या भागात पाच प्रांत होते, त्यांच्या विधानसभांसाठी २० ऑक्टोबर १९४६ ला मतदान झालं. त्याच दिवशी बर्लिनमध्ये शहराच्या सभेसाठी पण झालं.

पण खरी मेख आहे एप्रिलमधल्या विलीनीकरणात. कम्युनिस्ट आणि सोशल डेमोक्रॅट मिळून एकच पक्ष केला गेला, आणि ते राजीखुशीनं झालं की दमदाटीनं यावर लोक अजून भांडतात. ३१ मार्चला बर्लिनच्या पश्चिम विभागांत सोशल डेमोक्रॅट सदस्यांचं मत घेतलं होतं, सोव्हिएत विभागात ते घेऊच दिलं नाही (यातच काय ते आलं). प्रश्न दोन होते. लगेच विलीन व्हायचं का, याला ८२ टक्के नाही म्हणाले. आपसात न भांडता मिळून काम करायचं का, याला ६२ टक्के हो म्हणाले. झालं, एक बाजू पहिला आकडा नाचवते, दुसरी दुसरा, आणि दोघंही म्हणतात बघा सदस्यांनाच हे हवं होतं! मिळून काम करू म्हणणाऱ्याला विलीनीकरणाच्या बाजूनं मोजणं ही माझ्या मते सरळ चलाखी आहे, पण सदस्यांना कम्युनिस्टांचं तोंडही बघायचं नव्हतं असंही नाही, हिटलरच्या छावण्यांत दोन्हीकडची माणसं सडली होती.

तर ऑक्टोबरमध्ये पाच प्रांतांत सोशल डेमोक्रॅटांचं नाव मतपत्रिकेवरच नव्हतं, बर्लिनवर चौघांचा ताबा म्हणून तिथे मात्र होतं. प्रचाराला कागद नव्या पक्षाला भरपूर आणि बाकीच्यांना पत्रकं छापायची मारामार. एवढं करूनही नव्या पक्षाला एकाही प्रांतात ५० टक्के मतं गाठता आली नाहीत, मेक्लेनबर्गमध्ये सगळ्यात जास्त ४९.५, ब्रांडेनबर्गमध्ये तर ४३.९. आणि बर्लिनमध्ये जिथे लोकांना निवड होती तिथे १९.८, सोशल डेमोक्रॅटांना ४८.७! आपल्या बाजूच्या शेतकरी संघटनेच्या जागा धरून नव्या पक्षानं तीन प्रांतांत बहुमत जमवलं, एका प्रांतात मुख्यमंत्री लिबरल पक्षाचाच झाला.

त्यानंतर असली रिस्क परत घेतली नाही. १९५० ला सगळ्यांची मिळून एकच यादी आणि ९९ टक्क्यांच्या वर मतं, १९५२ ला प्रांतच मोडून १४ जिल्हे केले. पाच प्रांत परत आले ते १९९० मध्ये, १४ ऑक्टोबरला निवडणूक झाली, चार ठिकाणी ख्रिश्चन डेमोक्रॅट पहिले आले आणि ब्रांडेनबर्गमध्ये सोशल डेमोक्रॅट.