शिंगराच्या पोटात चीक वेळेत पोचला का?

घोडी विते ती बहुधा रात्री, सगळीकडे सामसूम झाल्यावर. कळा जोरात सुरू झाल्या की अर्ध्याएक तासात शिंगरू बाहेर येतं. घोडी त्याला चाटायला लागते आणि ते आपले लांबलचक पाय कसेबसे गोळा करून उभं राहायला बघतं. पडतं, परत उठतं. बघणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो, पण खरी काळजी घ्यायची ती इथून पुढे.

कारण रोगजंतूंशी लढायला लागणारी प्रतिपिंडं या शिंगराच्या रक्तात जवळपास नसतातच. माणसाच्या बाळाला आईची प्रतिपिंडं पोटात असतानाच वारेतून मिळतात. घोडीच्या वारेची रचना वेगळी आहे. तिथे आईच्या आणि शिंगराच्या रक्तामध्ये सहा थर असतात. प्राणवायू आणि साखर त्यातून पलीकडे जातात, प्रतिपिंडांसारखे मोठे रेणू मात्र अडकतात. सर्पदंशावरचं प्रतिविष आजही मुख्यतः घोड्यांच्याच रक्तातून काढलेल्या प्रतिपिंडांपासून बनतं. ज्या जनावराचं रक्त माणसांना मरणाच्या दारातून परत आणतं, त्याचंच पिल्लू अकरा महिने पोटात राहूनही असं रिकाम्या हातांनी जन्मतं, याचा मला दर वेळी चटका लागतो.

ही तूट भरून काढतो तो चीक, म्हणजे विल्यानंतरचं पहिलं दाट दूध. विण्याआधीच्या शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत घोडीचं शरीर रक्तातली प्रतिपिंडं कासेत साठवत जातं. हा साठा एकदाच होतो. शिंगरू प्यायलं किंवा दूध काढलं की त्याच्या जागी नवा चीक येत नाही, साधं दूध उतरायला लागतं.

दुसऱ्या बाजूला शिंगराचं आतडं. नवजात शिंगराच्या आतड्यात खास पेशी असतात. त्या प्रतिपिंडं न पचवता अख्खीच्या अख्खी आत ओढून रक्तात सोडतात. पहिल्या सहा-आठ तासांत हे काम जोरात चालतं, मग मंदावतं आणि २४ तासांच्या आसपास थांबतं. या पेशी झडून जातात आणि नेहमीच्या पेशी त्यांची जागा घेतात. त्यानंतर कितीही उत्तम चीक पाजला तरी तो पोटात पचून जातो, रक्तात पोचत नाही.

म्हणून जाणकार साधा हिशेब ठेवतात: शिंगरू तासाभरात उभं राहिलं पाहिजे, दोन तासांत प्यायला लागलं पाहिजे आणि घोडीची वार तीन तासांत पडली पाहिजे. यात उशीर झाला तर पशुवैद्यकाला लगेच फोन करावा.

‘प्यायला लागलं’ म्हणजे नेमकं काय, हे मात्र जवळ जाऊन बघावं लागतं. शिंगरू कासेखाली ढुशा देताना दिसतं आणि आपण समाधानाने बाजूला होतो. पण त्याच्या कपाळावर, नाकाडावर दुधाचे ओघळ वाळलेले असतील, तर पान्हा सुटून दूध त्याच्या तोंडावर पडतंय आणि पोटात काही जात नाहीये, असं समजावं. घोडीची कास तटतटलेली राहिली तरी तेच. पहिलटकरीण घोडी कासेला हात लावू देत नाही, शिंगराला लाथ मारते, तिच्यापाशी तर डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं.

चिकाचा कसही घोडीगणिक बदलतो. दाट, चिकट, पिवळसर चीक बहुधा चांगला असतो, पण नुसत्या रंगावर मी तरी भरवसा ठेवणार नाही. ब्रिक्स, म्हणजे द्रवात विरघळलेल्या पदार्थांचं प्रमाण, मोजणाऱ्या छोट्या उपकरणावर एक-दोन थेंब टाकून बघावं. आकडा २० टक्क्यांच्या वर असला तर चीक चांगला. विण्याच्या एक-दोन दिवस आधी सडांच्या टोकांवर मेणासारखे थेंब दिसतात, ते नेहमीचंच. पण दूध कित्येक दिवस आधीपासून गळत असेल, तर चीक जन्माआधीच वाया चालला आहे. शिवाय वारेला संसर्ग किंवा पोटात जुळी शिंगरं हेही त्यामागचं कारण असू शकतं. अशा वेळी दुसऱ्या घोडीचा गोठवून ठेवलेला चीक कामी येतो. तो कोमट पाण्यात सावकाश वितळवायचा, मायक्रोवेव्हमध्ये नाही, कारण जास्त उष्णतेने प्रतिपिंडं निकामी होतात.

आणि क्वचित हाच चीक शिंगराच्या जिवावर उठतो. शिंगराने बापाकडून घेतलेला रक्तगट घोडीच्या रक्ताशी जुळत नसेल आणि आधीच्या एखाद्या वेताला घोडीच्या शरीराने त्या रक्तगटाविरुद्ध प्रतिपिंडं तयार केलेली असतील, तर ती चिकात उतरतात. धडधाकट जन्मलेलं शिंगरू चीक प्यायल्यावर दिवस-दोन दिवसांत मलूल होतं, हिरड्या आधी फिक्या, मग पिवळ्या पडतात, लघवी लालसर होते. त्याच्याच तांबड्या पेशी फुटत असतात. घोडीला गाढवापासून झालेल्या खेचराच्या पिल्लांमध्ये हा धोका जास्त. आधी असं घडलेलं असेल, तर पुढच्या वेताला विण्यापूर्वीच घोडीचं रक्त तपासून घ्यावं. धोका दिसला तर पहिले २४ ते ४८ तास शिंगराला मुसकी बांधून दुसऱ्या घोडीचा चीक पाजतात आणि आईची कास पिळून रिकामी करत राहतात. आतड्यातून प्रतिपिंडं रक्तात जाणं थांबलं की त्याच आईचं दूध त्याला बिनधोक पिता येतं.

चीक खरंच रक्तात पोचला का, हे सांगते ती शिंगराच्या रक्ताची आयजीजी चाचणी. आयजीजी हा प्रतिपिंडांचा मुख्य प्रकार. दर डेसिलिटरला ८०० मिलिग्रॅमच्या वर असेल तर ठीक, ४०० च्या खाली असेल तर जवळजवळ काहीच पोचलेलं नाही. ही चाचणी सहसा १८ ते २४ तासांनी करतात. पण शंका असेल तर आठ ते बारा तासांनीच करून घ्यावी असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. तेव्हा आकडा कमी निघाला तर अजून चीक पाजता येतो. दुसऱ्या दिवशी कमी निघाला, तर शिरेतून प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला प्रतिपिंडं असलेला द्रव, देण्याशिवाय मार्ग उरत नाही.