‘हकलबेरी फिन’ला विरोध कोणी केला, आणि कशासाठी?

अमेरिकेतल्या एखाद्या शाळेने मार्क ट्वेनची ‘हकलबेरी फिन’ ही कादंबरी अभ्यासातून वगळल्याची बातमी आली, की ‘हल्लीच्या लोकांना कशाचाही राग येतो’ ही प्रतिक्रिया ठरलेली. पण या कादंबरीवरचा राग हल्लीचा नाही. ती अमेरिकेत प्रसिद्ध झाली १८८५च्या फेब्रुवारीत, आणि पुढच्याच महिन्यात मॅसॅच्युसेट्समधल्या काँकर्डच्या सार्वजनिक ग्रंथालयाने तिला बाहेरचा रस्ता दाखवला. एमर्सन आणि थोरो या विचारवंत लेखकांचे हे गाव, गुलामगिरीविरोधकांचे माहेरघर. तरीही तिथल्या समितीची तक्रार वर्णद्वेषाबद्दल नव्हतीच. भाषा अडाण्याची, नायक हक हा पोरगा उनाड आणि खोटारडा, पुस्तक म्हणजे निव्वळ केरकचरा, असे तिचे म्हणणे होते. मार्क ट्वेनने आपल्या प्रकाशकाला कळवले की या बंदीमुळे २५,००० प्रती नक्की खपतील.

१९०५मध्ये ब्रुकलिनच्या ग्रंथालयाने पुस्तक मुलांच्या विभागातून हलवले. कारण काय, तर हकला नुसती खाज सुटत नाही, तो चक्क खाजवतो! ट्वेनने उलट टपाली खोचक उत्तर धाडले: मी ही पुस्तके मोठ्यांसाठीच लिहिली, लहानपणी मला कात्री न लावलेले बायबल वाचायला लावले, त्याचा डाग अजून गेलेला नाही.

म्हणजे पहिली कित्येक वर्षे गोऱ्या सभ्यतेला हा गोरा पोरगा खुपत होता. त्याच्यासोबत पळून निघालेला काळा गुलाम जिम कोणाच्या खिजगणतीत नव्हता.

चित्र पालटले ते शाळांमुळे. शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९५४ला दिला. त्यानंतर काळी मुले गोऱ्या मुलांच्या शेजारी बसू लागली, आणि काळ्यांना हिणवणारा तो शब्द, ज्याला आता ‘एन-वर्ड’ म्हणतात, वर्गात मोठ्याने वाचला जाऊ लागला. तो या कादंबरीत दोनशेहून जास्त वेळा येतो. तीस गोऱ्या मुलांत एकटे बसलेले काळे मूल, आणि शब्द आला की वळून त्याच्याकडे बघणाऱ्या माना. ही तक्रार काँकर्डच्या नाक मुरडण्याच्या पंगतीत बसवणे अन्यायाचे होईल. १९५७मध्ये न्यूयॉर्कच्या शिक्षण मंडळाने प्राथमिक आणि कनिष्ठ माध्यमिक शाळांच्या मान्य यादीतून पुस्तक काढले. १९८२मध्ये व्हर्जिनियात मार्क ट्वेनचेच नाव असलेल्या शाळेतल्या एका काळ्या अधिकाऱ्याने ते हटवण्याची मागणी केली.

मग तोडगा निघाला शब्द बदलण्याचा. २०११मध्ये अलाबामातल्या न्यूसाउथ बुक्सने अ‍ॅलन ग्रिबेन या ट्वेन-अभ्यासकाची आवृत्ती काढली. तिच्यात त्या शब्दाच्या जागी ‘गुलाम’ आले. ग्रिबेन यांचा हेतू साफ होता: निदान पुस्तक वर्गात तरी राहील. पण मूळ मजकूर उघडून बघा. सहाव्या प्रकरणात हकचा दारुडा बाप ओहायोच्या एका काळ्या प्राध्यापकावर आग पाखडतो. शुभ्र सदरा, सोन्याचे घड्याळ, अनेक भाषा येतात, आणि वर मतदानाचा हक्क! तो माणूस स्वतंत्र आहे, हीच तर बापाची पोटदुखी. तिथे ‘गुलाम’ म्हणून भागणार कसे? बत्तिसाव्या प्रकरणात बोटीवर स्फोट झाल्याची थाप हक मारतो. कोणाला लागले का, असे सॅली मावशी विचारते. नाही, एक काळा मेला, असे हक त्या शिवीनिशीच सांगतो. नशीब, मावशी म्हणते, कधी कधी माणसे जखमी होतात. मावशी मायाळू आहे, देवभोळी आहे. अशी बाईही काळ्याला माणसांत धरत नाही, ट्वेनला दाखवायचे होते ते हेच, आणि ती शिवी पुसली की मावशी जरा जास्तच निर्दोष वाटू लागते.

न्यायालयातही हे भांडण गेले. अ‍ॅरिझोनातल्या एका काळ्या विद्यार्थिनीच्या आईने लावलेल्या खटल्यात १९९८ला नवव्या सर्किटच्या, म्हणजे पश्चिमेकडच्या राज्यांसाठीच्या, केंद्रीय अपील न्यायालयाने पुस्तक सक्तीच्या वाचनातून काढायला नकार दिला. मात्र वर्णद्वेषी छळाकडे शाळा काणाडोळा करत असेल तर त्याबद्दल दाद मागता येईल, असेही सांगितले. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत शहाणा निकाल. पुस्तक आणि वर्ग या दोन गोष्टी त्याने वेगळ्या केल्या.

मिनेसोटातल्या डलूथने २०१८मध्ये वेगळी वाट धरली. ‘हकलबेरी फिन’ आणि हार्पर ली यांची वर्णद्वेषावरची कादंबरी ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ दोन्ही सक्तीच्या वाचनातून गेली, शाळेच्या ग्रंथालयात मात्र राहिली. ज्याला वाचायचे त्याने स्वतःहून घ्यावे. पण मग सॅली मावशीचे ते वाक्य विद्यार्थी एकटाच वाचणार, आणि ते उलगडून सांगायला समोर शिक्षक नसणार.