तात्पुरती आकृती: कागदापासून रेपॉझिटरीपर्यंत

तात्पुरती आकृती म्हणजे सॉफ्टवेअरबद्दलच्या एखाद्या प्रश्नापुरती काढायची आणि मग उडवायची आकृती. पूर्वी हे परवडत नसे. 1947 मध्ये गणितज्ञ गोल्डस्टाइन आणि फॉन नॉयमन यांनी प्रोग्रामसाठी फ्लो डायग्राम (पायऱ्यांचा क्रम दाखवणाऱ्या आकृत्या) काढले, तेव्हा कागदावरची रेघ हीच माहिती होती. 1976 मध्ये पीटर चेन यांनी एंटिटी-रिलेशनशिप मॉडेल (माहितीतल्या गोष्टी आणि त्यांचे संबंध दाखवायची रीत) मांडलं, पण एक चौकोन हलवायचा तर पान पुन्हा काढा, हे दुखणं तसंच राहिलं. नुसतं बघायला म्हणून कोण आकृती काढणार?

1989 मध्ये केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम यांची सीआरसी कार्डं आली. एका कार्डावर एक क्लास, म्हणजे प्रोग्राममधला गोष्टीचा एक प्रकार. टेबलावर मांडा, सरकवा, उचला. सोय झाली, पण कार्डं उचलली की मांडणी गेली.

खरा फरक पडला तो मॉडेल (सगळे क्लास आणि त्यांचे संबंध) रेपॉझिटरीत, म्हणजे टूलच्या सामायिक साठ्यात, आणि आकृती ही त्याची नुसती खिडकी, असं झाल्यावर. नोव्हेंबर 1997 मध्ये ओएमजी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने यूएमएल ही आकृत्यांची प्रमाण भाषा स्वीकारली आणि ही पद्धत रुळली. एकच क्लास दहा आकृत्यांत दिसू शकतो. आकृती उडवली तरी क्लास राहतो.

समजा, रत्नागिरीच्या एखाद्या आंबा पॅकिंग हाउसचं मॉडेल आहे. प्रश्न असा: आढत्याच्या पट्टीवरून (विक्रीच्या हिशेबावरून) मूळ बागेपर्यंत पोचता येतं का? कोरी आकृती उघडा, नावात ‘तात्पुरती’ आणि तारीख घाला. टूलच्या ब्राउझरमधून (मॉडेलमधल्या घटकांच्या यादीतून) फक्त ‘पेटी’ हा क्लास ओढून आणा आणि संबंधित घटक एकाच पातळीपर्यंत, म्हणजे थेट जोडलेले तेवढेच, मागवा. तीन पातळ्या एकदम मागितल्या तर रापणीचं जाळं ओढल्यासारखं सगळंच वर येतं, कारण बागायतदार, ट्रक, आढत्या हे सगळे ‘खातं’ या एका क्लासला बांधलेले असतात. नको ते आकृतीतून काढा, मग हवं तिथून पुढची एक पातळी.

इथेच घात होतो. एंटरप्राइझ आर्किटेक्ट या मॉडेलिंगच्या टूलमध्ये नुसतं डिलीट आकृतीतून काढतं, कंट्रोल-डिलीट थेट मॉडेलमधून. ‘असं असेल का?’ म्हणून ओढलेली नवी रेघही मॉडेलमध्ये जाते आणि आकृती उडवल्यावर मागे राहते. शंका आकृतीच्या नोंदीत लिहा, रेघेने नको.

आणि ‘पट्टी’ एकटीच उभी दिसली तर संबंध नाही असं धरू नका. बरेचदा ‘पट्टी’च्या आत ‘पेटीक्रमांक’ हा साधा आकडा म्हणून ठेवलेला असतो. अशा आकड्याला टूल रेघ काढत नाही. ॲट्रिब्यूट (क्लासच्या आतल्या नोंदी) दाखवणं चालू करून नावं डोळ्यांनीच जुळवावी लागतात.