वैशाखात पिकणारे कुंपण

आखाजीच्या म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास जळगाव, धुळे भागात पारा अनेकदा 45 अंशांच्या आसपास पोहोचतो, नाले कोरडे पडतात आणि बांधावरचे गवत पिवळे पडून मोडू लागते. नेमक्या याच दिवसांत सातपुड्याच्या उतारांवर आणि दक्षिणेकडील अजिंठ्याच्या डोंगररांगेत करवंदाच्या जाळ्या फळांनी भरतात. बहुतेक झुडपांकडे पक्ष्यांना देण्यासारखे काही उरलेले नसताना करवंद रसाळ फळ देते. खानदेशातल्या अंगणासाठी एकच काटेरी झुडूप निवडायचे झाले तर मी करवंदच निवडेन, आणि ते मुख्यतः या वेळेमुळे.

कण्हेर, सदाफुली आणि तगर यांच्याच कुलातले हे झुडूप असून पान तोडले की तसाच पांढरा चीक येतो. उन्हाळ्याच्या तोंडावर त्याला पाच पाकळ्यांची, जाईची आठवण करून देणारी पांढरी सुवासिक फुले येतात. फुलाची नळी अरुंद असल्यामुळे लांब सोंडेच्या फुलपाखरांना आणि पतंगांना त्यातला मध सहज मिळतो. पुढे फळ हिरव्याचे लाल आणि लालाचे काळपट जांभळे होते. हा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्यांचा. पक्ष्यांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या चार प्रकारच्या शंकुपेशी असतात, माणसाच्या डोळ्यांत तीन. त्यामुळे गर्द हिरव्या पानांतले पिकते फळ त्यांना लांबूनही उठून दिसते. कच्चे फळ आंबट, तुरट आणि चिकट असते, म्हणजे बी तयार होण्याआधी फळ खाल्ले जाऊ नये, अशीच ही व्यवस्था आहे. एका घोसातली सगळी फळे एकदम पिकत नाहीत. एकाच देठापाशी हिरवे, लाल आणि काळे फळ शेजारी शेजारी दिसते. बागेच्या दृष्टीने ही शोभा आहेच, पण लालबुड्या बुलबुलाच्या दृष्टीने ती कित्येक दिवस पुरणारी शिदोरी आहे.

करवंदाची एखादी फांदी हातात घेऊन तिचे टोक नीट पाहावे. जिथे शेंड्याची कळी असायला हवी, तिथे काट्यांची जोडी दिसते. शेंड्याच्या कळीचेच काटे होतात आणि तिथे फांदीची सरळ वाढ थांबते. मग खालच्या दोन पानांच्या बगलेतल्या कळ्या फुटून दोन फांद्या निघतात. पुढे त्यांचेही तेच होते. दर टप्प्याला अशी दुबेळकी फुटत गेल्याने झुडूप इतके दाट होते की शेळी आत तोंड घालू शकत नाही आणि मांजरही आत शिरायला कचरते. बुलबुलासारखे लहान पक्षी घरट्यासाठी अशाच काटेरी आडोशाच्या शोधात असतात.

छाटणीचे गणितही याच वाढीत दडलेले आहे. फुलांचे झुबके बहुतेक फांद्यांच्या टोकांकडे येतात. पहिल्या खेपेस मी दिवाळीनंतर कुंपण अगदी नेटके कातरले आणि त्या उन्हाळ्यात एका बाजूला फूलही आले नाही, फळही नाही. फुलणारी टोकेच मी काढून टाकली होती. छाटणी फळे संपल्यावर, आषाढाच्या आसपास करावी, म्हणजे पावसावर नवी फूट वाढते आणि पुढच्या उन्हाळ्यात तीच फुलते.

तापीकाठच्या काळ्या जमिनीत एक काळजी घ्यावी लागते. ही माती पावसात पाणी धरून ठेवते, तर करवंदाला निचरा हवा असतो. डोंगरात ते मुरमाड उतारावर वाढते. म्हणून मातीत मुरूम मिसळून फूटभर उंच वरंबा करावा आणि त्यावर दोन ते तीन फुटांवर रोपे लावावीत. पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावे लागते. नंतर झुडूप स्वतःला सांभाळते.

रंगीत फुलांसाठी पुष्कळ जण घाणेरी लावतात आणि तिची फळेही पक्षी खातात. परंतु घाणेरी मूळची अमेरिकेतली असून पक्ष्यांमार्फतच तिचे बी रानात पसरते आणि तिच्या दाटीखाली इथल्या गवताला व रोपांना जागा उरत नाही. करवंदाचे बीही पक्षीच पसरवतात, मात्र ते पुन्हा आपल्याच रानात रुजते.

रोपे बियांपासून करायची असतील तर उशीर चालत नाही, कारण करवंदाच्या बियांची उगवणशक्ती लवकर कमी होते. पुढच्या वर्षासाठी डबीत जपून ठेवलेले बी बहुधा वाया जाते. पाड्यांवरच्या बायका पानांच्या द्रोणांतून करवंदे विकायला आणतात, तेव्हा त्यांतली पूर्ण काळी फळे निवडावीत, गर खाऊन चपट्या बिया धुवाव्यात, सावलीत सुकवाव्यात आणि त्याच आठवड्यात पिशवीत पेराव्यात. अशा रोपांना फळ धरायला साधारण तीन वर्षे लागतात. पहिल्या बहाराला वरच्या फांद्यांची फळे तोडू नयेत. हाताला लागतील तेवढी आपली, वरची पक्ष्यांची.